फटीत काय भरायचं

तो पांढरा दाणा मनगटाच्या मागे चिकटला होता आणि झटकून जात नव्हता. मोहरीपेक्षा जरासा मोठा, वजन म्हणाल तर नाहीच... उजव्या हाताने काढला तर उजव्या हाताला चिकटला, फुंकर मारली तर सदऱ्याच्या बाहीवर जाऊन बसला आणि बाहीवरून पुन्हा बोटावर आला. थर्माकोलचा दाणा एकदा माणसाला धरतो तो सोडत नाही, हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. तरी तो झटकत होता, कारण समोर मुकादम उभा होता आणि मुकादमाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तेवढ्यापुरतं दाणा झटकण्याचं काम बरं होतं.

प्रश्न साधा होता. या फटींत काय भरायचं?

भिंत थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांची होती. ठोकळ्यांवर ठोकळे रचायचे, पोकळीत लोखंडी सळया उभ्या करायच्या, मग पंपाने काँक्रीट ओतायचं. आणि थर्माकोल काढून टाकायचं नाही, ते दोन्ही अंगांनी तसंच ठेवायचं. म्हणजे मधे दगडासारखं काँक्रीट आणि दोन्हीकडून पांढरी रजई. असं घर उन्हात तापत नाही, थंडीत गारठत नाही. हे सगळं छान होतं, फक्त मागच्या भिंतीची लांबी ठोकळ्यांच्या हिशोबात बसली नाही. ठोकळे कापावे लागले, आणि ते मीच कापणार असा हट्ट त्याने धरला. मुकादम म्हणाला होता, आमची माणसं कापतील. याने सांगितलं, बाबा रे, जन्मभर मी दुसरं केलंय काय? आणि तापलेली तार हातात घेऊन नजरेच्या अंदाजाने सपासप कापत सुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुठे करंगळीएवढी फट, कुठे अंगठ्याएवढी, एके ठिकाणी तर वरून बारीक आणि खाली रुंद. सुरुवातीला त्याने तारेला दोष दिला, मग उन्हाला, मग चष्म्याला. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय.

"होतं असं," मुकादम म्हणाला होता. त्याचा हा चांगुलपणाच जास्त लागला.

उद्या सकाळी पंप येणार होता. ओल्या काँक्रीटचा दाब पडला की फटींतून सिमेंटचं पाणी गळणार, म्हणजे आज संध्याकाळच्या आत फटी बुजायला हव्यात. मुकादमाचं म्हणणं, सिमेंट-वाळूचा माल भरून टाकू, दोन घमेली पुष्कळ झाली. याने मान हलवली. माल गार पडतो. चहूकडे रजई आणि मधे मालाची उभी रेघ, म्हणजे थंडीला आपणच पायवाट काढून दिल्यासारखं. ती थंडी त्या रेघेतून बरोबर आत येईल, पलंगाच्या बाजूने येईल आणि येऊन बसेल कुठे, तर तिच्या गुडघ्यांत.

ती म्हणजे त्याची बायको. हे घर तिच्या गुडघ्यांसाठी होतं. निदान तो सगळ्यांना तसं सांगत असे, आणि सांगून सांगून त्याला ते खरंही वाटत होतं. ती मात्र या जागेवर एकदाही आली नव्हती. आज सकाळीच चहा पुढे ठेवून तिने सांगून टाकलं होतं: जन्म खोट्या भिंतींच्या मागे गेला, म्हातारपणी तरी मला खरी भिंत हवी होती, तुमच्या थर्माकोलच्या घरात मी राहायला येणार नाही. आत खरं काँक्रीट आहे, तो म्हणाला. मग ते लपवता कशाला, ती म्हणाली. तिने 'लपवता' म्हटलं होतं, 'लपवतोस' नाही. बाकीच्यांच्या बायका लाडात आल्या की अहो-जाहो करतात म्हणे. ही नाटकातल्या ओळखीपासून त्याला अरे-तुरे करत आलेली, आणि 'अहो' निघालं की समजावं, आज काही खरं नाही.

त्याने मुकादमाला सांगितलं, दुपारपर्यंत थांब. आणि तो दुकानाकडे चालू लागला.

दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक फोमचा डबा, दाबला की फसफसून फुगणारा. दुसराही फोमचाच, पण हळू फुगणारा, थोडा महाग. तिसरी एक जाडजूड नळी – हे घ्या साहेब, दुकानदार म्हणाला, लाकूड, लोखंड, काच, थर्माकोल, जगात अशी वस्तू नाही जिला हे चिकटत नाही. त्याने टोपण काढून वास घेतला.

तो वास... गोड, डोक्यात जाणारा, डोळ्यांच्या मागे चढणारा. चाळीस वर्षं कुठे गेली होती कोण जाणे, ती त्या नळीतच बसून राहिली होती बहुतेक.

तुरुंगाची भिंत होती ती. त्याचं पहिलं स्वतंत्र नेपथ्य. रंगमंचभर पसरलेली काळ्या दगडाची भिंत, सगळी थर्माकोलची, त्याने तीन आठवडे खपून कोरलेली, एकेका दगडावर छिन्नीचे घाव दिसतील अशी. प्रयोगाच्या दुपारी तुकडे जोडले तर मधे फटी. तेव्हाही फटीच. गालिचे चिकटवायचा डबाभर गोंद कुणाकडून तरी मागून आणला, फटींत चोपडला, आणि आपण कारागीर झालो या आनंदात तो चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर गोंदाने थर्माकोल खाल्लेलं. जिथे फट होती तिथे भोक, जिथे भोक होतं तिथे भगदाड, आणि अजून खाणं चालूच, हलकासा चुरचुर आवाज करत. तो भिंतीसमोर मटकन खाली बसला. मागे कपडेपटातून इस्त्रीचा वास येत होता, आणि तिथली एक मुलगी दारात उभी राहून भिंतीकडे बघत होती. ती हसली. वाईट नाही, पण मनापासून हसली, तोंडावर हात वगैरे न घेता. मग म्हणाली, जुनी चादर फाड. मैद्याची खळ शिजवली तिने, त्यात थर्माकोलचाच चुरा मळला, चादरीच्या पट्ट्या बुडवून भगदाडांत कोंबल्या, वरून हिरवट रंगाचे हात मारले आणि संध्याकाळपर्यंत तो पडका, शेवाळलेला तुरुंग झाला. दिग्दर्शकाने पाठ थोपटली. म्हणाला, ही पडझड सुचणं म्हणजे प्रतिभा. फक्त कैद्याचं काम करणारा नट कुरकुरत राहिला की एवढी भोकं असलेल्या तुरुंगातून मी तीन अंक पळून का जात नाही, हे प्रेक्षकांना कसं पटवू.

"देऊ का ही?" दुकानदार विचारत होता.

"नको," तो म्हणाला. "ही खाते."

दुकानदाराने नळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि काही न विचारता दोन्ही फोमचे डबे पिशवीत घातले.

रस्त्यात त्याला आठवत राहिलं. आठवत राहिलं म्हणजे काय, पाय आजच्या रस्त्यावर आणि बाकी सगळा तो तिकडे. लग्न झालं आणि कामाची वाटणी आपोआप पडली: त्याने कापायचं, तिने भरायचं. किल्ले, कोर्ट, इस्पितळ, रेल्वेचा फलाट, राजाचा महाल... जगातल्या सगळ्या इमारती त्यांनी बांधल्या आणि दोन-दोन तासांत उतरवल्या. प्रत्येक भिंतीमागे ती गुडघे टेकून खालपासून वरपर्यंत फटी भरत जायची. थंड फरशीवर, लाकडी फळ्यांवर, गावोगावच्या धुळीत. खळ बोटाला लावून ती फटीत अशी काही दाबायची की पुढून दगड अखंड दिसावा. मग शेवटची परीक्षा. सगळे दिवे बंद, ती भिंतीमागे हातात एक दिवा धरून सरकत जायची, आणि तो पुढे रिकाम्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसायचा. मागून तिचा आवाज – "उजेड दिसतोय का?" दिसला तर त्याने सांगायचं, डावीकडे, जरा वर, हां, तिथे. नाही दिसला तर ती पुढे. असं पूर्ण भिंतभर. आणि दर भिंतीत एक फट अशी असायची, बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला, जिच्यातून दिव्याचा उजेड दिसायचा आणि उजेडाच्या कडेला तिच्या गालाचा एक तुकडा. "दिसतोय का?" ती विचारायची. "नाही," तो म्हणायचा. एवढं एकच खोटं. प्रयोग चालू असताना मग तो कधीकधी मागच्या दाराने प्रेक्षागृहात येऊन उभा राहायचा, नटांकडे बघायचाच नाही, भिंतीतल्या त्या केसाएवढ्या रेघेकडे बघायचा. एवढी हुशार बाई, एवढ्या फटी भरणारी, आणि दर वेळी नेमकी तीच कशी हिच्या नजरेतून सुटते, याची त्याला गंमत वाटायची. गंमत आणि थोडा अभिमानही, की मला एक गोष्ट ठाऊक आहे जी हिला नाही.

जागेवर येऊन त्याने उरलेल्या तुकड्यांवर फोम मारून बघितला. भसाभस फुगणारा आधी शहाण्यासारखा फटीत बसला, आणि मग पाहुणा म्हणून येऊन घर बळकावतात तसा फुगत, फुगत, दोन्ही तुकड्यांना बाहेर ढकलून वर येऊन बसला. या भिंतीत हा गेला तर ठोकळे ओळंब्यातून सुटणार. मुकादमानेही बघून जीभ चावली. हळू फुगणारा मात्र फटीपुरताच राहिला. रुंद फटींत थर्माकोलची पाचर मारायची आणि तिच्या कडेने हा फोम... उत्तर जवळजवळ मिळालं होतं. गवंड्याला, दुकानदाराला, कुणालाही पुरेल इतकं मिळालं होतं. तरी त्याने तीन छोटे तुकडे तयार केले, एकात माल, एकात नुसता फोम, एकात पाचर आणि फोम, आणि ते पिशवीत घालून तो जेवायला भाड्याच्या खोल्यांकडे निघाला. का, ते त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, फटींचं तिला जास्त कळतं.

ती खिडकीशी बसून कोटाच्या बाहीला अस्तर लावत होती. एक पाय स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तिन्ही तुकडे ओळीने मांडले, अगदी त्या काळी मांडायचा तसे. हा मालाचा, गार पडेल. हा फोमचा. आणि हा आपल्याच थर्माकोलची पाचर मारून. कुठला?

तिने सुई थांबवली नाही. तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा, म्हणाली. तो हसण्यावारी न्यायला गेला, म्हणाला, फटींची मालकीण तू, मी कोण ठरवणार. तेव्हा तिने कोट खाली ठेवला.

"फटी पडल्या की माझी आठवण होते तुला," ती म्हणाली.

ती पुन्हा अरे-तुरेवर आली होती, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"जागा तू बघितलीस. भिंत कसली, तू ठरवलंस. दारं-खिडक्या कुठे, तेही तूच. मी काही म्हटलं नाही, म्हटलं विचारेल. आता बोटभर फट पडली तेव्हा आलास विचारायला."

"तुझ्या गुडघ्यांसाठीच तर केलं सगळं."

"गुडघ्यांना विचारलंस?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो तुकड्यांकडे बघत राहिला. मालाच्या तुकड्यातून थोडी वाळू वर्तमानपत्रावर सांडली होती.

"आजवरच्या सगळ्या भिंतींत पुढे तू होतास आणि मागे मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्याचं मला काही नाही, ते काम होतं, आणि मला आवडायचं. पण हे घर आहे ना? मग यात मी कुठे उभी राहणार आहे?"

त्याने तिन्ही तुकडे उचलून पिशवीत घातले. जेवण झालं. ताट उचलताना ती म्हणाली, वाळू पुसून घे, आणि त्याने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, वाळू नव्हती तिथेसुद्धा. पिशवी घेऊन तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने मागून, कोटाकडेच बघत, सहज सांगावं तसं सांगितलं.

"आणि ती एक फट मी मुद्दाम ठेवायचे. दिव्याची तिरीप तिच्यातून बरोबर पहिल्या रांगेतल्या तुझ्या खुर्चीवर पडायची. तू 'नाही' म्हणायचास तेव्हा तुझं तोंड बघायला मजा यायची."

तो जिने उतरला. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, आणि हा चालला होता तो चाळीस वर्षांतल्या सगळ्या भिंती एकेक करून पुन्हा उभ्या करत. फलाटाची. कोर्टाची. महालाची. प्रत्येक भिंतीत तीच रेघ, आणि आता रेघेच्या पलीकडून एक डोळा. म्हणजे मी तिला बघत होतो तेव्हा ती मला बघत होती... अंधारात एकटाच बसलोय असं समजून मी ज्या चेहऱ्याने बसत असेन, तो चेहरा तिने पाहिलेला आहे. मला काय माहीत तो कसा होता. माझं गुपित म्हणून जे मी एवढी वर्षं जपलं ते मुळात तिने मला दिलेलं होतं, आणि दिलंय हे कधी कळूही दिलं नाही. आणि मी? मी तिला गुडघ्यांसाठी म्हणून भिंत दिली, जी निवडताना तिला एका शब्दाने विचारलं नाही. आणि गुडघ्यांसाठी तरी खरंच का? थर्माकोलच्या घराबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काय आठवलं होतं? तिचे गुडघे? नाही. तापलेल्या तारेचा वास आठवला होता. आपले दिवस आठवले होते. मला ते दिवस परत हवे होते, कायमचे, आत काँक्रीट ओतून पक्के केलेले, आणि त्यासाठी तिचे दुखरे गुडघे मी पुढे केले.

हे कळल्यावर त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण जागेवर मुकादम वाट बघत होता आणि फटी तशाच होत्या. त्याने काम सुरू केलं. पाचरा स्वतः कापल्या, या वेळी नजरेने नाही, मोजून. पाचर बसवायची, कडेने फोमची बारीक धार सोडायची, थोडा वेळ थांबून जास्तीचा कापून टाकायचा, वरून फळीचा तुकडा आवळायचा. खालच्या फटींसाठी त्याला गुडघे टेकावे लागले. थोड्याच वेळात जमिनीचा गारवा कापडातून आत शिरला, मग हाडात शिरला, आणि उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. चाळीस वर्षांत भिंतीच्या या अंगाला तो पहिल्यांदाच गुडघ्यांवर बसला होता. मुकादमाने पोतं आणून दिलं तर त्याने ते घेतलं नाही.

एक फट त्याने ठेवली. झोपायच्या खोलीच्या भिंतीत, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. ठेवताना त्याला फार बरं वाटलं. संध्याकाळी तिला घेऊन यावं, म्हणावं, ही शेवटची तू भर. ती हसेल, बोट पुढे करेल, आणि सगळं... त्याच क्षणी त्याला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. फटी पडल्या की. सगळं घर माझं आणि एक फट तिची! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की त्याने मुकादमाकडे पाठ फिरवली आणि उगीचच फोमच्या डब्यावरच्या सूचना वाचत उभा राहिला.

उन्हं उतरली. घराला अजून छप्पर नव्हतं. आत संधिप्रकाश साचला होता आणि पांढऱ्या भिंती मंद निळ्या दिसत होत्या. मुकादम म्हणाला, एकदा बघून घेऊ, आणि वायरला लावलेला दिवा घेऊन तो बाहेरच्या अंगाने भिंतीलगत सरकू लागला. हा आत उभा. भिंत मुकी होती. खरंच सगळ्या फटी नीट भरल्या गेल्या होत्या. मग झोपायच्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीला, एक रेघ पेटली.

"दिसतोय का उजेड?" बाहेरून मुकादमाने विचारलं.

'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर आलासुद्धा. सवयच ती. त्याने रेघेला डोळा लावला. पलीकडे दिव्याच्या कडेला मुकादमाचा कान होता, मोठा, सिमेंटने माखलेला, आणि त्यात खोचलेली पेन्सिल.

"दिसतोय," तो म्हणाला.

"मग भरून टाकू? अजून फोम आहे."

त्याने बोटाने भिंत जराशी दाबून बघितली. समोरची भिंत अजून नुसती रचलेली होती. आतल्या सळया सोडल्या तर त्याने आजवर उभ्या केलेल्या कुठल्याही भिंतीपेक्षा ती वेगळी नव्हती. उद्यापर्यंत ती नेपथ्य होती, आणि नेपथ्य उतरवायला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. काँक्रीट पडलं की मात्र विचारण्यासारखं काही उरणार नव्हतं.

"पंपवाल्याला सांग, उद्या नको," तो म्हणाला. "आधी हिला विचारतो. फटींचं नाही. घराचं."

मुकादम भिंतीला वळसा घालून आत आला, दिवा हातात तसाच. पंपवाला बोंब मारेल, म्हणाला. मारू दे, हा म्हणाला. मुकादमाने भरलेल्या फटींवरून एक हात फिरवला. दिवसभराचं काम होतं ते, आणि चांगलं झालं होतं.

"आणि बाईसाहेब मोडा म्हणाल्या तर?"

"तर मोडू."

"म्हणतील?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या लक्षात आलं की हे खरं आहे. ती काय म्हणेल हे त्याला नेहमी आधीच ठाऊक असायचं, किंवा ठाऊक आहे असं धरून तो पुढे जायचा, आणि तिचं मन आपल्याला कळतं हे त्यालाही बरं वाटायचं. आज घरी जाऊन, हातात एकही तुकडा न घेता, तो तिच्या समोर बसणार होता आणि विचारणार होता, आणि पुढे काय, ते खरोखरच अंधारात होतं. तिसऱ्या घंटेच्या आधी व्हायचं तसं झालं त्याला, पडदा अजून वर गेलेला नाही, भिंत धरेल की नाही ठाऊक नाही, आणि मागे कपडेपटात इस्त्रीचा वास. किती वर्षांनी. त्याला वाटलं होतं ते दिवस भिंतीत आहेत.

मुकादमाने दिवा विझवला. रेघही विझली. मनगटावरचा दाणा अंधारात अजून पांढरा दिसत होता, आणि तो झटकायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.